लेकराला वाली कोण?

(गावच्या रविवारच्या सभेत एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मला लेकरांविषयी बोलायला सांगितले आहे. ज्या लेकरांना कुणी वाली नाही, त्यांना जपणे आणि संकटातून सोडवणे हे ख्रिस्ती माणसाचे काम आहे, असे आम्ही मानतो. ते का मानतो आणि ते काम कसे करावे, हा आजचा विषय आहे. सभेत ख्रिस्ती घरांतली माणसे आहेत, तशी इतर घरांतलीही आहेत. सगळ्यांनी ऐकावे. लेकरू सगळ्यांच्याच घरात असते.

आपण निराधार हा शब्द नेहमी वापरतो. आधार म्हणजे टेकू. दोडक्याची वेल मांडवावर चढते, फुलते, फळते. मांडव मोडला की तीच वेल मातीत लोळते. मग शेळी तिला खाते, माणूस तिला तुडवतो. यात वेलीचा काय दोष? दोष नाही. लेकराचेही तसेच आहे. त्याचा मांडव म्हणजे आईबाप. तो मोडला, किंवा तोच कुजका निघाला, तर दुसरा मांडव कुणी घालायचा? हा खरा प्रश्न आहे.

संकटातले बाळ

बायबलात मोशेची गोष्ट आहे. मिसर देशात इब्री लोक गुलाम होते. त्यांची संख्या वाढू लागली, तशी तिथल्या राजाला भीती वाटली. त्या राजाला फारो म्हणत. त्याने हुकूम काढला, की इब्री बाईला मुलगा झाला तर त्याला नदीत टाकावे.

एका आईने आपले बाळ तीन महिने लपवून ठेवले. पुढे लपवता येईना. तेव्हा तिने लव्हाळ्यांची पेटी केली. आत पाणी शिरू नये म्हणून तिला डांबर लावले. बाळाला पेटीत निजवले आणि पेटी नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवली. बाळाची बहीण लांब उभी राहून पाहत होती.

इतक्यात राजाची मुलगी नदीवर आली. तिने पेटी पाहिली, उघडली. आत बाळ रडत होते. हे इब्र्यांचे बाळ आहे हे तिने ओळखले. आपल्याच बापाचा हुकूम तिला ठाऊक होता. तरी तिने बाळ उचलले. मग बहीण धीर करून पुढे आली. बाळाला दूध पाजायला बाई आणू का, असे तिने विचारले, आणि बाळाच्या आईलाच घेऊन आली! ते बाळ पुढे मोठा पुढारी झाला. त्याने आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढले.

या गोष्टीत तीन कामे आहेत, ती ध्यानात ठेवा. आईने पेटी केली. बहिणीने पहारा केला. राजकन्येने उचलून घेतले. तिघींपैकी एक जरी घरी बसली असती, तरी बाळ वाचले नसते. आणि राजकन्या परक्या लोकांची होती, परक्या धर्माची होती. दया करायला ती आड आली नाही.

आता प्रभू येशूचे पाहा. तो जन्मला तेव्हा हेरोद नावाचा राजा होता. त्याने बेथलेहेमातली लहान मुले मारायला माणसे पाठवली. योसेफाने रातोरात बाळाला आणि मरीयेला घेऊन मिसर देश गाठला. बाळ योसेफाच्या पोटचे नव्हते. तरी त्याने त्याला जिवापाड जपले. म्हणजे ख्रिस्ती धर्माची सुरुवातच मुळी संकटात सापडलेल्या एका लेकरापासून होते.

पुढे येशू मोठा झाला. लोक लेकरांना त्याच्याकडे आणू लागले. शिष्य त्यांना दटावून हाकलू लागले. मोठ्यांच्या बोलण्यात पोरांची अडचण कशाला, असे त्यांना वाटले. येशू शिष्यांवरच रागावला. त्याने लेकरांना जवळ घेतले, कवेत घेतले, आशीर्वाद दिला. लेकराला जवळ करणारा मलाच जवळ करतो, अशी त्याची शिकवण. आणि लेकराला जो वाईट मार्गाला लावतो, त्याला त्याने जात्याच्या तळीचा दाखला देऊन फार कडक इशारा दिला. एरवी क्षमा शिकवणारा येशू इथे इतका कडक झाला, हे विसरू नका.

केडगावची आई

गोष्टी ऐकून मान डोलावणारे पुष्कळ असतात. त्याप्रमाणे वागणारे थोडे. आपल्या महाराष्ट्रात तसे वागून दाखवले पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी शिकू नये असा तो काळ. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवले, आणि आईने मुलीला शिकवले. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराण सांगे. पुढे दुष्काळ पडला. जवळचे सगळे संपले. भुकेने आणि आजाराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ.

ही दोघे भावंडे पायी हिंदुस्थानभर फिरली. झेलम नदीकाठी थंडी फार. अंगावर पांघरूण नाही. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले, त्यांत निजली आणि डोके सोडून सगळ्या अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. असे दिवस त्यांनी काढले. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता म्हणून गौरवले.

पुढे रमाबाईंचे लग्न झाले. मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. थोड्याच दिवसांत, १८८२ साली, पती वारले. विधवा रमाबाई लेकीला घेऊन पुण्यास आल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर त्या अमेरिकेत गेल्या. परत येऊन १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. लहानपणीच विधवा झालेल्या मुलींसाठी ही शाळा होती. पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले.

आता खरी हकीगत ऐका. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंच्या कानांवर बातमी आली. आपण भुकेने कसे तळमळलो, हे त्यांना आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. पाहतात तो काय, माणसांचे नुसते सापळे. मदतीच्या छावण्या होत्या, पण तिथेही तरण्या मुलींना धोका होता. भाकरीची लालूच दाखवून त्यांना पळवणारे लोक टपलेले होते. काही ठिकाणी तर राखणदारच वाईट होते. रमाबाईंनी अशा सुमारे तीनशे बायकामुली आपल्याबरोबर आणल्या.

आणल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठे? पुण्यात प्लेगची साथ. एवढ्या मुली शहरात ठेवायला मनाई. केडगावला रमाबाईंनी आधीच सुमारे शंभर एकर माळरान घेतले होते. तिथे तंबू ठोकले, छपरे घातली, विहिरी खणल्या. त्या जागेला त्यांनी नाव दिले मुक्ती. पुढे १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आणल्या. केडगावात दीड हजारांहून जास्त बायकामुली झाल्या.

मंडळी, घरात चार पाहुणे वाढले तर आपल्याला चूल पुरत नाही. दीड हजार तोंडांना कसे पुरवले असेल? रमाबाईंनी एक युक्ती केली. शारदा सदनात शिकलेल्या मोठ्या मुली होत्या. त्यांच्यावर नव्या मुलींचे लहान लहान गट सोपवले. काल जिला सांभाळले, ती आज दुसरीला सांभाळू लागली. आलेल्या मुली आजारी होत्या, उवांनी भरलेल्या होत्या. काहींना भुकेची इतकी धास्ती, की त्या भाकरी लपवून ठेवायच्या. त्यांना नुसते अन्न देऊन भागणार नव्हते. उद्याही भाकरी मिळेल, हा विश्वास द्यायचा होता.

तिथे मुली लिहायला शिकल्या. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, गाईगुरे, सगळे शिकल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी मनोरमाबाईंनी शिकवली. फसलेल्या बायकांसाठी कृपा सदन नावाचे वेगळे घर केले. छापखानाही काढला. रमाबाईंनी बायबलाचे भाषांतर साध्या मराठीत केले, ते साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. त्याचे खिळे जुळवायला केडगावच्या बायकाच बसल्या. दुष्काळात मरायला टाकलेल्या मुलींच्या हातून ग्रंथ छापून निघाला! ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. दौंड तालुक्यात केडगावला त्यांचे मुक्ती मिशन अजून चालू आहे.

भाकरी आणि सौदा

आता एक अवघड गोष्ट बोलतो. पुष्कळांच्या मनात असते, पण तोंडावर कुणी बोलत नाही. ‘मास्तर, हे लेकरांना खाऊ घालतात ते धर्म बदलण्यासाठीच ना?’

हा वाद रमाबाईंच्या वेळीही झाला. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, असे आधी ठरले होते. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात मोठा गवगवा झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर हे त्यांचे सल्लागार होते. तेही बाजूला झाले. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. नंतरचे केडगावचे घर मात्र उघडपणे ख्रिस्ती होते.

माझे मत मी स्पष्ट सांगतो. भुकेल्या लेकराच्या भाकरीला अट बांधू नये. अट बांधली की दया संपली आणि सौदा सुरू झाला. राजकन्येने मोशेला उचलले तेव्हा अट घातली नव्हती. उलट त्याच्या आईच्याच कुशीत त्याला दूध पिऊ दिले. ज्यांना शंका येते, त्यांनाही मी एक सांगतो. नुसती शंका घेऊन लेकराचे पोट भरत नाही. शंका असेल तर आपणही एक भाकर घेऊन पुढे या. मग बोला.

असे पुढे येणारे आपल्याकडे झाले आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तिथे यावे, बाळंत व्हावे, बाळाला मारू नये, म्हणून. तिथल्याच एका बाळाला त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली, प्लेगच्या साथीत, सावित्रीबाईंनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच साली रमाबाई केडगावच्या माळावर मुलींसाठी छपरे घालत होत्या. दोघींचे मार्ग निराळे. पाठीवरचे ओझे मात्र एकच होते, लेकराचे.

आजचा दुष्काळ

कुणी म्हणेल, मास्तर, आता तसला दुष्काळ कुठे राहिला? रेशन आहे, शाळेत पोषण आहार आहे. खरे आहे. पण मांडव मोडायचे थांबलेले नाहीत.

मी शाळेत होतो, तेव्हा दिवाळीनंतरची हजेरी मला नकोशी वाटे. आमच्याकडून माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. लेकरे बरोबर जातात. फडात आईबाप तोडतात आणि आठ वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, चूल पेटवते. पाटी-दप्तर गावात राहते. हजेरीत तिच्या नावापुढे नुसती फुली.

आणखी एक गोष्ट घडते. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली, की बापाला घोर लागतो. हिला फडावर नेऊ, की गावात ठेवू? मग सोपा उपाय म्हणून लग्न उरकतात. अशी एक मुलगी आमच्या शाळेत होती. गणितात हुशार. सुपारी फुटल्याचे कळले, तेव्हा मी, अंगणवाडीच्या बाई आणि ग्रामसेवक असे तिघे तिच्या घरी गेलो. बाप भांडला नाही. खाली मान घालून म्हणाला, ‘गुरुजी, कायदा मला बी कळतो. पण सहा महिनं पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवू? तुम्ही ठेवून घेता का?’

मंडळी, त्या बापाचा प्रश्न खरा होता. नुसता कायदा सांगून आम्हाला उठता आले नसते. मुलीची आजी गावात होती. तिला आम्ही तयार केले. हंगामी वसतिगृहात दोन वेळचे जेवण होते. शेजारच्या दोन बायकांनी रात्री आजीकडे निजायला जायचे कबूल केले. तेव्हा लग्न मोडले. मुलगी दहावी पास झाली. दुसऱ्या एका मुलीचे आम्हाला कळले, तेव्हा मांडव उतरला होता. ती पुन्हा शाळेत दिसली नाही.

यावरून काय दिसते? लेकरू वाचवायचे तर बातमी वेळेवर कळली पाहिजे, आणि बापाच्या प्रश्नाला गावाकडे उत्तर पाहिजे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

आणखी एक गोष्ट बोलायला जीभ जड होते, पण बोललेच पाहिजे. कधी कधी कुंपणच शेत खाते. लेकराला त्रास देणारा माणूस नेहमी परका नसतो. तो नात्यातला असतो, शेजारचा असतो, शिकवणारा असतो. कधी तो धर्माचे कपडे घातलेला असतो. देशोदेशीच्या ख्रिस्ती संस्थांतही असे प्रकार घडले आणि वर्षानुवर्षे झाकले गेले. घरावर क्रूस लावला म्हणून ते घर आपोआप सुरक्षित होत नाही. ज्या आश्रमात पाहुण्याला फिरू देत नाहीत, मुलांशी बोलू देत नाहीत, नोंदणीचा कागद दाखवत नाहीत, तिथे लेकरू ठेवू नका.

लेकरू काही सांगू लागले तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्यावर विश्वास ठेवा. तेच तेच खोदून विचारू नका. त्याचे नाव गावभर करू नका. पंच बसवून, पैसे घेऊन मिटवू नका. २०१२ साली पॉक्सो नावाचा कायदा झाला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. अब्रू जाते ती त्रास देणाऱ्याची. लेकराची अब्रू जात नाही.

आपण काय करावे?

मोशेच्या गोष्टीतली तीन कामे आठवा. पेटी, पहारा आणि उचलून घेणे.

पेटी म्हणजे आधीची तयारी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत जायचा हक्क आहे. त्याचे नाव शाळेत घाला. जन्माचा दाखला काढून ठेवा. बाप वारला, आई आजारी आहे, अशा लेकरासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. त्यात लेकरू घरातच राहते आणि दरमहा मदत मिळते. अंगणवाडीत चौकशी करा. लेकरू आपल्या माणसांत राहील, हे पहिले पाहावे.

पहारा म्हणजे लक्ष ठेवणे. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत आणि मुलाचे एकवीसच्या आत करणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. गावात हे थांबवायचा अधिकार ग्रामसेवकांना आहे. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. कळले की त्यांना सांगा. ‘परक्याच्या घरात नाक कशाला खुपसायचे?’ असे म्हणू नका. मोशेची बहीण लांब उभी होती, पण नजर पेटीवरच होती.

उचलून घेणे म्हणजे प्रसंग आला की पुढे होणे. वाट चुकलेले, टाकलेले, मारहाण झालेले लेकरू दिसले, तर १०९८ हा नंबर फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत. रात्रंदिवस कधीही लागतो. असे लेकरू सापडले तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना, १०९८ ला किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवायचे असते. कितीही दया आली तरी परस्पर घरी ठेवून घेऊ नका, परस्पर कुणाला देऊही नका. दत्तक घ्यायचे ते कायद्याने घ्या. दयाळू माणसासारखाच लेकरे विकणाराही गोड बोलतो. दोघांतला फरक कागदावरून कळतो.

आणि एखाद्या आईला बाळ सांभाळणे अशक्यच झाले, तर तिला शिव्या देऊ नका. तिला समितीकडे न्या. तिथे बाळ रीतसर सोपवता येते. मन बदलले तर परत मागायला दोन महिन्यांची मुदत असते. उकिरड्यावर टाकलेल्या बाळापेक्षा हे शतपट बरे.

ख्रिस्ती बंधूंनो, तुम्हाला वेगळे सांगतो. रविवारी प्रार्थना करून घरी जाताना वाटेत रडणारे लेकरू दिसले आणि आपण वळसा घालून गेलो, तर ती प्रार्थना अर्धीच राहिली. आणि लेकराला उचलले, तर त्याला धर्म विचारू नका. भूक लागली का, हे विचारा.

आता तुम्हाला अक्षरे ओळखता येतात. हातात खडू धरता येतो. उद्या सकाळी शाळेच्या भिंतीवर, पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीजवळ मोठे आकडे लिहा: १०९८. खाली लिहा: लेकरांसाठी, फुकट. मग आपापल्या आळीत मोजा, शाळेत न जाणारी लेकरे किती. ती नावे कागदावर लिहून पुढच्या रविवारी घेऊन या. ती इथे मोठ्याने वाचायची नाहीत. आपण चारचौघे बसून, एकेका नावासाठी काय करता येईल ते ठरवू.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.